घटकाभराची ओळख

वेबसाइटवर लॉगिन केलेल्या माणसाला पीएचपीनं किती वेळ ओळखीत ठेवावं, याचा मुळातून घालून दिलेला आकडा आहे १४४०. हे सेकंद. म्हणजे चोवीस मिनिटं. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलामुलींपैकी कुणीतरी हमखास ती मिनिटं समजतं आणि ‘मॅडम, सेशन दिवसभर टिकतं’ असं छातीठोकपणे सांगून मोकळं होतं. त्यांचाही दोष नाही, दिवसाची मिनिटंही १४४०च भरतात. मला मात्र या आकड्यात नेहमी घटका दिसते. चोवीस मिनिटं म्हणजे नेमकी एक घटका. पूर्वी लग्नात गुरुजी घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी शिरून ते बुडालं की घटका भरली. सेशनचंही तसंच. फरक एवढाच, की मांडवातलं पात्र चारचौघांसमोर बुडायचं. इथे ते सर्व्हरच्या पोटात बुडतं आणि फॉर्म भरत बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

पतसंस्था, कॉलेजं, बाजार समित्या यांच्यासाठी वेबवर चालणारी सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी बरीच वर्षं काढली. डोळ्यांत भरतील असे स्क्रीन आणि रिपोर्ट बाकीच्यांनी केले. माझ्याकडे आलं ते लॉगिन, सेशन आणि कॉन्फिग फाइल. नीट चाललं तर कुणी नाव काढत नाही आणि बिघडलं तर रविवारी फोन येतो, अशा जातीचं हे काम. पण माणसं आपापलं काम प्रत्यक्षात कशी करतात हे मला जितकं या कामातून कळलं, तितकं रिक्वायरमेंटच्या बैठकांमधून कधीच कळलं नाही.

मुळात ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्या एचटीटीपीला आठवण नावाची गोष्टच नाही. एका क्लिकचं उत्तर दिलं की सर्व्हर तुम्हाला विसरला. ही अडचण ओळखून नेटस्केपमधल्या लू मोंटुली यांनी १९९४ साली कुकीची युक्ती काढली: सर्व्हरनं ब्राउझरच्या हातात एक चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरनं प्रत्येक खेपेला ती दाखवायची. चिठ्ठीवर फक्त एक लांबलचक क्रमांक असतो, त्या क्रमांकाची खरी माहिती सर्व्हरकडे. बँकेपासून भाजीच्या ॲपपर्यंत सगळं जग आजही याच युक्तीवर चाललंय. चिठ्ठी केव्हा द्यायची, केव्हा बदलायची, कधी रद्द धरायची आणि कोणाच्या हातून आली तर स्वीकारायची नाही, एवढ्या चार प्रश्नांवर माझी नोकरी उभी होती.

पहिला मोठा धडा मिळाला तो एका कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर. फॉर्म लांब होता. आईवडिलांचं नाव, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, उत्पन्न, मागच्या तीन वर्षांचे गुण, आणि काही रकाने मराठीतच भरायचे. ज्यांची बोटं मराठी कीबोर्डवर बसलेली नाहीत त्यांचं एकेका ओळीत घामटं निघायचं. ‘फॉर्म भरताना मधेच बाहेर फेकतंय’ अशा तक्रारी आल्या. आम्ही ऑफिसात बसून तोच फॉर्म उघडला, चहाला गेलो, तासाभरानं परत येऊन ‘जतन करा’ दाबलं. व्यवस्थित जतन झाला. कॉलेजला कळवलं, तुमच्या नेटचा प्रॉब्लेम असणार. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र तक्रारींचा पाऊस पडला.

कारण सापडलं तेव्हा मला त्या आकड्याचा राग आला आणि गंमतही वाटली. चोवीस मिनिटं झाली म्हणून पीएचपी सेशन लगेच पुसत नाही. जुनी सेशनं साफ करायचं काम ते नशिबावर सोडतं: मूळ सेटिंगप्रमाणे दर विनंतीमागे शंभरात एक शक्यता, की या खेपेला सफाई होईल. साइटवर चिटपाखरू नसेल तर सफाई होतच नाही आणि तुमचं सेशन तासन्‌तास जगतं. गर्दी उसळली की मिनिटामिनिटाला सफाई, आणि चोवीस मिनिटं उलटलेला प्रत्येक जण बाहेर. म्हणजे आम्ही चार जणांनी तपासलं तेव्हा ते चाललं, आणि ज्या दिवशी हजारो पोरं जीव मुठीत धरून बसली होती नेमकं त्याच दिवशी ते काटेकोर झालं. सौम्य दिवशी सौम्य आणि कठीण दिवशी कठोर, असा हा नियम.

पुढे दुसऱ्या एका सर्व्हरवर कुणीतरी कोडमध्येच वेळ वाढवून दोन तासांची केली. तरीही फेकतंयच. तो सर्व्हर डेबियन लिनक्सचा होता आणि डेबियननं सफाई पीएचपीच्या हातून काढून घेऊन एका क्रॉन जॉबकडे दिलेली असते. तो जॉब दर तासाला नवव्या आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला उठतो, पीएचपीच्या मुख्य सेटिंग फाइलमधला आकडा वाचतो आणि त्याहून जुनं सगळं उडवतो. तुम्ही तुमच्या कोडमध्ये काय लिहिलंय याचा त्याला गंध नसतो. लॉगमध्ये बघितलं तर खरंच, लोक घोळक्यानं बाहेर पडत होते, अकरा नऊला एक घोळका, अकरा एकोणचाळीसला दुसरा. हे दिसलं तेव्हा बारा वाजायला आले होते आणि पुढच्या घोळक्याआधी मुख्य फाइलमधला आकडा बदलायचा होता. बदलला. पुढे शेअर्ड होस्टिंगवर याचाच आणखी एक अवतार भेटला: एकाच फोल्डरमध्ये अनेक साइटांची सेशनं, त्यातल्या एकीची मुदत दहा मिनिटांची. तिच्या वेळी सफाई झाली की आमचीही माणसं गारद.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आणि हाताखालच्यांनाही लावली. सेटिंग काय आहे हे फाइल उघडून ठरवायचं नाही. एकच सेटिंग मुख्य फाइलमध्ये असू शकतं, साइटपुरत्या फाइलमध्ये असू शकतं, फोल्डरपुरत्या फाइलमध्ये, कोडमध्ये आणि वर डेटाबेसमधल्या ‘सेटिंग्ज’ नावाच्या टेबलातही. शिवाय कमांड लाइनवर चालणाऱ्या पीएचपीची फाइल वेगळी आणि वेबसाठीची वेगळी. दुपारभर चुकीच्या फाइलमध्ये आकडे बदलत बसलेली कितीतरी हुशार माणसं मी पाहिली आहेत. कोण कोणावर मात करतं हे पाठ करण्यापेक्षा चालू असलेल्या प्रोग्रॅमलाच विचारावं, बाबा रे, तू आत्ता काय धरून चाललायस? आमच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मी ॲडमिनपुरतं एक पान करून ठेवलं. त्यावर प्रत्येक सेटिंगची प्रत्यक्ष लागू असलेली किंमत आणि ती कुठून आली तेही दिसायचं. पासवर्ड अर्थातच झाकलेले. एवढं साधं पान, पण त्यानं वाचवलेल्या रात्री मोजता येणार नाहीत.

पतसंस्थेचं प्रकरण वेगळं. तिथे बिघाड तांत्रिक असा नव्हताच.

तालुक्याच्या गावची पतसंस्था, भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी पिग्मी एजंट दिवसभराची वसुली घेऊन काउंटरवर यायचे आणि त्याच सुमाराला लाइट जायची. यूपीएसची बॅटरी मेलेली. कॉम्प्युटर धाडकन बंद. लाइट आल्यावर कॅशियरबाई लॉगिन करायला जात तर स्क्रीनवर ओळ येई: ‘हा युजर आधीच लॉगिन आहे.’ एका युजरचं एकाच वेळी एकच सेशन, असा नियम संस्थेनंच मागून घेतलेला. कॉम्प्युटर बंद झाला तरी सर्व्हरच्या लेखी बाई अजून खुर्चीत बसलेल्याच होत्या. मुदत संपेपर्यंत थांबायचं, नाहीतर आम्हाला फोन. ‘मॅडम, युजर सोडवा की! एजंट खोळंबल्यात.’ आम्ही डेटाबेसमधली ती ओळ पुसायची की युजर सुटला. पुढे पुढे तर ‘युजर’ शब्द ऐकताच आमचा हात त्या टेबलाकडे वळायला लागला. कोण बोलतंय हेही कुणी विचारेना. सुरक्षेसाठी केलेला नियम आणि त्याला फोनवरून रोज मिळणारी सूट. तिसऱ्या कुणी फोन केला असता तरी आम्ही युजर सोडवलाच असता.

तांत्रिक तोड सोपी होती. जुन्या सेशननं नव्याची वाट अडवायची, त्याऐवजी नव्यानं लॉगिन झालं की जुनं आपोआप रद्द. केलं, आणि दुसऱ्याच दिवशी नवी तक्रार: कॅशियरबाई काम करता करता बाहेर फेकल्या जातात. मग मी गाडी करून त्या शाखेत गेले आणि काउंटरमागे एक दिवस बसले. घोळ तासाभरात कळला. एकाच आयडीवर तीन माणसं. बाई जेवायला गेल्या की लिपिक त्यांच्याच नावानं नोंदी करी. आतल्या खोलीत वसुली अधिकारी खातेउतारा बघायला तोच आयडी वापरत. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलनं. मी विचारलं, वेगळे आयडी का नाही? व्यवस्थापकांनी समजावलं ते असं: नवा युजर काढायचा तर मुख्य कार्यालयाला पत्र, तिथून संगणक विभागाला, तिथून तुम्हाला, दोन महिने जातात. तोवर लिपिकाची बदली.

इथे सेशनचा काही प्रश्नच नव्हता. आम्ही शाखा व्यवस्थापकाला युजर काढायचा आणि बंद करायचा अधिकार दिला, मुख्य कार्यालयाला फक्त त्याची यादी दिसू लागली. महिन्याभरात प्रत्येकाचा आयडी झाला आणि ‘युजर सोडवा’चे फोन आपोआप थांबले. लॉगिनच्या तक्रारी पुष्कळदा ऑफिसातल्या कारभाराच्या तक्रारी असतात, हे मला त्या काउंटरनं शिकवलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली. लेखापरीक्षकांच्या आग्रहावरून पाच मिनिटं हालचाल नसली की लॉगआउट, असं सेटिंग होतं. एका व्यापाऱ्यानं मोठी रक्कम भरायला आणली. बाईंनी भरणा स्लिप स्क्रीनवर उघडली, खातेनंबर टाकला, पाचशेच्या किती, शंभरच्या किती हे लिहायचे रकाने समोर, आणि त्या नोटा मोजायला बसल्या. मशिन नव्हतं. बोटाला स्पंजचं पाणी लावून शांतपणे दोनदा मोजल्या, दोन फाटक्या बाजूला काढल्या, त्यावर व्यापाऱ्याशी थोडं बोलणं झालं. मान वर केली तोवर स्क्रीनवर लॉगिनचं पान. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा सुरुवातीपासून टाकायला लागल्या. मीच अस्वस्थ. प्रोग्रॅमच्या मते त्या पाच मिनिटांत बाई ‘निष्क्रिय’ होत्या. खरं तर दिवसातलं सगळ्यात जोखमीचं काम त्यांनी त्याच पाच मिनिटांत केलं होतं. परत आल्यावर आम्ही मुदत पाचच ठेवली, लेखापरीक्षकांचं म्हणणंही रास्त होतं, पण मुदत संपली की फॉर्मवर पडदा टाकायचा आणि फक्त पासवर्ड विचारायचा. पडदा हटला की भरलेलं सगळं जिथल्या तिथे. हे आम्ही त्या एका संस्थेसाठी केलं आणि मग सगळीकडे नेलं.

सेशनच्या लॉकचा एक किस्सा ओझरता सांगते, कारण त्याची लक्षणं फार फसवी. ‘माझ्याकडे साइट बंद आहे, शेजारणीकडे चालू आहे,’ अशी तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा वायर तपासायला सांगायचो. पीएचपी सेशनची फाइल वापरताना तिला कुलूप लावतं आणि काम संपेपर्यंत सोडत नाही. बाईंनी एका टॅबवर वर्षाचा ताळेबंद काढायला लावला, तो चालला पाच मिनिटं, आणि दुसऱ्या टॅबवर काहीही उघडेना. त्यांच्यापुरती साइट ठप्प, इतरांची सुरळीत. रिपोर्ट सुरू करण्याआधी सेशनचं कुलूप सोडायची एक ओळ, बस्स.

कॉन्फिग फाइलमधल्या पासवर्डांवर मी लांबण लावणार नाही. हेरोकूचे ॲडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमाराला ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ हे टिपण लिहिलं, त्यात एक झकास कसोटी आहे: तुमचा सगळा कोड या क्षणी जगासमोर उघडा केला तर एखादा पासवर्ड फुटेल का? फुटणार असेल तर सेटिंग कोडपासून वेगळं झालेलं नाही. आमच्या भागात बहुतेकांचा कोड या कसोटीला उतरत नाही, आणि ज्यांचा उतरतो ते पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवतात.

मला जास्त भीती वाटते ती टेस्ट आणि लाइव्ह एकमेकांत मिसळण्याची. एकदा टेस्ट सर्व्हर उभा करताना लाइव्हची प्रत जशीच्या तशी उचलली गेली. डेटाबेसचा पत्ता बदलला, एसएमएस गेटवेची किल्ली तीच राहिली. सहकाऱ्यानं थकबाकीच्या सूचनांचं नवं काम तपासायला रात्री बटण दाबलं आणि ‘आपला हप्ता थकला आहे’ हा मेसेज खऱ्याखुऱ्या सभासदांना गेला. त्यात संस्थेचे एक संचालकही होते, आणि त्यांनी कर्ज कधी घेतलंच नव्हतं! सकाळी काय झालं ते लिहीत नाही. मला त्यातून पटलं ते असं, की महत्त्वाच्या सेटिंगला ठरीव किंमत असूच नये. आपण टेस्टवर आहोत की लाइव्हवर हे जर प्रोग्रॅमला सांगितलेलं नसेल, तर त्यानं काहीतरी गृहीत धरून पुढे जाऊ नये, सुरूच होऊ नये. सहकारी म्हणायचे, एवढ्याशा कारणावरून सर्व्हर सुरू होत नाही म्हणजे काय. मी म्हणायची, हेच पाहिजे.

आता फीच्या पैशांचं, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप त्यानं दिला. २०२० चा उन्हाळा सरला, कोविडमुळे कॉलेजचं सगळं ऑनलाइन. विद्यार्थी लॉगिन करून फॉर्म भरणार, पेमेंट गेटवेवर जाणार, पैसे भरून परत आमच्या पानावर येणार आणि पावती मिळणार. जुलैअखेरीपासून फोन सुरू झाले: पैसे कापले गेले, पण परत आल्यावर लॉगिनचं पान येतं आणि फी ‘बाकी’ दिसते. आम्ही टेस्ट कार्ड घेतलं, लॉगिन, पेमेंट, टेस्टचा ठरीव ओटीपी, परत. पावती हजर. पुन्हा केलं. पुन्हा हजर.

झालं होतं असं. एखाद्या दुसऱ्याच साइटवरून तुमच्या साइटवर उडी मारली तर तुमची कुकी सोबत द्यायची का, हे ठरवणारं सेमसाइट नावाचं सेटिंग असतं. क्रोमनं २०२० मध्ये ठरवलं, की ज्या कुकीवर ते लिहिलेलं नाही ती ‘लॅक्स’ धरायची. बदल फेब्रुवारीत सुरू झाला, कोविडमुळे एप्रिलमध्ये मागे घेतला आणि जुलैत पुन्हा लागू झाला. बदल योग्यच होता, त्यानं फसवणुकीचे कितीतरी रस्ते बंद झाले. पण गेटवेवरून परतताना माहिती पोस्ट पद्धतीनं यायची आणि लॅक्स कुकी अशा पोस्टसोबत जात नाही. मग आमच्याकडे कशी चालत होती? एकदम सगळं मोडू नये म्हणून क्रोमनं एक तात्पुरती सवलत ठेवली होती: सेमसाइट न लिहिलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटं व्हायच्या आत पोस्ट आली, तर चालवून घ्यायची.

दोन मिनिटं! ऑफिसात सराईत हातानं लॉगिन ते पावती मिनिटाभरात होतं. खऱ्या आयुष्यात मुलगी फॉर्म भरते, कार्ड काकांचं, ओटीपी काकांच्या मोबाइलवर, काका शेतात, रेंज नाही, मग काकू गच्चीवर जाऊन नंबर वाचून दाखवते. फोनवरचा सगळा गोंधळ एका वाक्यात उलगडला. ज्याच्या हातात स्वतःचं कार्ड आणि स्वतःचा फोन, त्याची फी भरली जात होती; ज्याला घरच्यांना विचारून भरावी लागते, त्याची अडकत होती.

आमचं पीएचपी जुनं होतं. सेमसाइट लिहायची सोय ७.३ मध्ये आली, त्यामुळे पाथच्या रकान्यात ‘नन’, म्हणजे कुठूनही आलं तरी कुकी द्या, असं घुसवण्याची एक आडवाट वापरली. त्यावर जुन्या आयफोनवाल्यांची बोंब: आयओएस १२ मधली सफारी ‘नन’ लिहिलेलं असलं तरी उलट कडक वागते. शेवटी ठिगळं लावायचं थांबवलं. पैसे आले की नाही हे परत आलेल्या ब्राउझरच्या ओळखीवर ठरवायचंच नाही. गेटवेचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला थेट कळवतो, व्यवहार क्रमांकावरून फी जमा होते, विद्यार्थिनी कधीही लॉगिन करो. आधीपासून असंच असायला हवं होतं असं आता वाटतं. पण तेव्हा बहुतेकांचं आमच्यासारखंच होतं.

हल्लीची मुलं म्हणतात, सेशन ठेवायचंच कशाला, सही केलेलं टोकन द्या, सर्व्हरला काही लक्षात ठेवावं लागत नाही. कल्पना चांगली आहे. मी एकच विचारते: एका सभासदाचा मोबाइल एसटीत चोरीला गेला, पतसंस्थेचं ॲप त्यात उघडंच आहे, आणि तो शाखेत येऊन म्हणतोय की आत्ताच्या आत्ता बंद करा. काय कराल? सर्व्हरकडे नोंदच नसेल तर टोकनची मुदत संपेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. मग मुलं रद्द टोकनांची यादी ठेवू म्हणतात. ठेवा की. ती यादी प्रत्येक विनंतीला तपासायची म्हटल्यावर आपण फिरून सेशनवरच आलो.

तेव्हा मोबाइल ॲपसाठी सध्या आम्ही दोन्ही वापरतो: टोकन थोड्या मुदतीचं, आणि प्रत्येक फोनमागे सर्व्हरकडे एक ओळ. ती ओळ काउंटरवरच्या माणसालाही पुसता येते. ‘सर्व फोनवरून बाहेर पडा’ हे बटण सभासदाच्याही हातात द्यायचं ठरलंय. ते मुख्य पानावर ठेवायचं की सेटिंगच्या आत, यावर परवाची बैठक पाऊण तास चालली. मी मुख्य पानावर म्हणते. व्यवस्थापक म्हणतात, लोक शिल्लक बघायच्या नादात तेच दाबतील आणि मग फोन पुन्हा तुम्हालाच येतील.